सतरा नंबरची बाटली

‘व्हेज है ना?’ हा प्रश्न मी पाच वर्षं, आठवड्याचे सहा दिवस ऐकला. कुणी मेनूवर बोट ठेवून विचारायचं, कुणी वाटी समोर आल्यावर, कुणी पहिला घास तोंडात घेतल्यावर एकदम थबकून. एका बाईंनी तर अर्धी करी संपवून, ओठ टिपून मग विचारलं होतं. उत्तर दर वेळी ठरलेलं. ‘जी मॅडम, हंड्रेड पर्सेंट व्हेज.’ हे ‘हंड्रेड पर्सेंट’ आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. नुसतं ‘हो’ म्हटलं की पाहुण्याच्या कपाळावरची आठी जात नाही, हे चार दिवसांत कळतं, आणि मग ते दोन शब्द जिभेला चिकटतात ते चिकटतातच.

रेस्टॉरंट थाई होतं. फोर्टमध्ये, एका जुन्या दगडी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. डोंबिवलीत राहणारे आम्ही ज्याला ‘टाऊन’ म्हणतो, त्या टाऊनमध्ये. उंच छत, सागवानी जिना, भिंतींना गडद हिरवा रंग आणि टेबलावर इतका मंद उजेड, की साठीपुढचे पाहुणे मेनू वाचायला मोबाइलचा टॉर्च लावायचे. मालकांना तो टॉर्च डोळ्यांत खुपायचा, पण दिवा वाढवायला ते तयार नव्हते. प्रत्येक स्टार्टरच्या ताटलीत एक जांभळं ऑर्किड. ते खायचं नसतं, शोभेचं असतं. तरी दर आठवड्याला कुणी ना कुणी खायचंच. चार जणांचं बिल माझ्या खोलीच्या महिन्याच्या भाड्याएवढं व्हायचं, पण पहिल्या महिन्यानंतर तो हिशेब मी करायचा सोडला. नाहीतर या धंद्यात टिकता येत नाही.

मी मालवणकडचा. हॉटेल मॅनेजमेंट करून स्टुअर्ड म्हणून लागलो आणि तिसऱ्या वर्षी कॅप्टन झालो. स्टुअर्ड ताटं नेतो-आणतो, कॅप्टन ऑर्डर घेतो. पगारात म्हणाल तर फारसा फरक पडत नाही. फरक एवढाच, की काही चुकलं तर पाहुणा ऑर्डर घेणाऱ्याचं तोंड लक्षात ठेवतो.

किचन एका थाई बाईंच्या हातात होतं. वय पन्नाशीच्या आसपास, उंची माझ्या खांद्याला लागेल एवढी, आणि आवाज चायनीज रेंजच्या भडक्यावरून पलीकडे ऐकू जाईल असा. पहिल्या दिवशी मी त्यांना ‘मॅडम’ म्हटलं, तर हातातला दगडी खलबत्त्याचा दांडा त्यांनी माझ्यावर रोखला. ‘नो मॅडम. पी.’ थाई भाषेत पी म्हणजे थोरलं भावंड, मग ती ताई असो की दादा. धाकट्याला म्हणायचं ‘नॉन्ग’. आम्ही मराठी पोरांनी लवकरच त्यांची ‘पीताई’ केली. म्हणजे झालं ‘ताईताई’, पण त्यांची काही हरकत नव्हती. मी नॉन्ग. इंग्रजी दोघांचंही कामापुरतंच, त्यामुळे आमचं भांडण कधी दोन वाक्यांपुढे गेलं नाही.

थाई किचनमध्ये मीठ डब्यात कमी आणि बाटलीत जास्त असतं, हे मला पीताईंनी शिकवलं. ‘नाम प्ला’. नाम म्हणजे पाणी, प्ला म्हणजे मासा. बारकी मासळी मिठात घालून वर्ष-दीड वर्ष मुरू द्यायची आणि जो तांबूस अर्क उतरतो तो गाळून घ्यायचा. मेनूवरचं फिश सॉस ते हेच. करीच्या वाटणात ‘कपी’ असते. कपी म्हणजे माकड नव्हे. बारीक कोळंबी खारवून, उन्हात वाळवून, कुटून, आंबवून केलेला जांभळट लगदा. ही कोळंबी आपल्या जवळ्याच्याच घराण्यातली. परतलेल्या भाजीत ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा. आणि टॉम यम सूपला जो तांबडा तवंग आणि धुरकट गोडवा असतो तो ‘नाम प्रिक पाऊ’चा: भाजलेली मिरची, लसूण, छोटे कांदे, चिंच, ताडगूळ, आणि सुकी कोळंबी.

यातलं काहीही ताटात दिसत नाही, हीच खरी गोम. कोंबडी दिसते, कोळंबी दिसते, बाजूला काढता येते. टोफू, बेबीकॉर्न आणि ब्रोकोली घातलेली हिरवीगार वाटी मात्र माशाच्या मिठाने खारट केलेली असू शकते, आणि तिकडे त्यात कुणाला वावगं वाटत नाही. शाकाहाराला थाई शब्द आहे ‘मंगसविरत’. नीट कान देऊन ऐका: मांस-विरती. शब्द आपलाच, थेट संस्कृतातला. पण पीताई म्हणायच्या, मंगसविरत सांगितलं तरी गाडीवाला सवयीने नाम प्ला मारतोच. खात्री हवी असेल तर म्हणायचं ‘जे’.

‘जे’ ही चिनी वंशाच्या बौद्धांकडून थायलंडात रुजलेली चाल. बहुतेकदा आपल्या नवरात्राच्याच आसपास तिकडे नऊ दिवस जे पाळतात. फुकेतचा उत्सव तर प्रसिद्धच आहे. दुकानांवर पिवळे झेंडे लागतात, त्यांवर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेलं असतं. मांस, मासे, अंडी, दूध सगळं बंद, आणि वर कांदा-लसूणही बंद. त्यामुळे मुंबईत आल्यावर पीताईंना ‘जैन फूड’ समजावून सांगताना आमच्या आधीच्या लोकांचा घाम निघालाच नाही म्हणे. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, ‘जैन, जे, सेम सेम.’

सेम सेम नव्हतं, हे त्यांना कंदांपाशी कळलं. लसूण नाही, ठीक. छोटे कांदे नाहीत, ठीक. पण गलांगल का नाही? आमच्याकडचं कोळिंजन ते; त्याच्याशिवाय थाई वाटण म्हणजे त्यांच्या लेखी हिरवी चटणी. कोथिंबिरीची मुळंही चालत नाहीत म्हटल्यावर त्या खरोखरच खुर्चीवर बसल्या. उरलं काय? हिरवी मिरची, गवती चहाचे बुडखे, मकृत लिंबाची साल, धणे, जिरे, पांढरी मिरी, मीठ. अडलेलं काम सोडवलं एका नेहमीच्या पाहुण्या काकूंनी. त्या म्हणाल्या, ओलं आलं आम्ही खात नाही, पण सुंठ खातो. दुसऱ्या दिवशी पीताईंनी सुंठेची चिमूट टाकून वाटण करून पाहिलं, बोटाने चाखलं, तोंड वाकडं केलं, परत चाखलं. तेव्हापासून हिरव्या झाकणाच्या डब्यावर ‘जैन ग्रीन’ अशी पट्टी चिकटली ती कायमची. थायलंडमधल्या कुठल्याही पुस्तकात सुंठेची ग्रीन करी सापडणार नाही. पण ती चांगली लागायची, आणि ‘ऑथेंटिक आहे का’ असं विचारणाऱ्यांपेक्षा ती खाणारी माणसं जास्त समाधानाने उठायची.

ऑथेंटिकवाल्यांचा एक वेगळाच वर्ग असतो. ते चॉपस्टिक मागतात. थाई माणूस जेवतो उजव्या हातातल्या चमच्याने. डाव्या हातातला काटा घास चमच्यावर ढकलण्यापुरता. चॉपस्टिक फक्त नूडल्सच्या वाडग्याला. हे पाहुण्याला सांगायचं नसतं, चॉपस्टिक आणून द्यायच्या असतात. दुसरं म्हणजे पॅड थाई. ती प्राचीन समजून मागवतात. सयामचं थायलंड झालं १९३९ साली, आणि तेव्हाचे पंतप्रधान फिबुनसोंगक्राम यांनी राष्ट्रवादाच्या भरात ज्या नूडल्सचा प्रचार केला त्या या. म्हणजे वयाने आमच्या आजीपेक्षा लहान. आणि तिसरे, कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलातल्या थाई पॅव्हिलियनमध्ये नव्वदच्या दशकापासून जेवत आलेले जुने पाहुणे. ते काही मागत नाहीत, फक्त तुलना करतात. त्यांच्याशी वाद घालू नये.

बाटलीकडे येतो.

व्हेज टॉम यमसाठी आमच्याकडे नाम प्रिक पाऊची वेगळी बाटली यायची, सुक्या कोळंबीशिवायची. तिच्या लेबलावर पिवळ्या पट्टीवर लाल ‘जे’. थाई लिपीत हे अक्षर असं दिसतं, की आपल्याला वाटावं कुणी इंग्रजी आकड्यात सतरा लिहिलंय. म्हणून किचनमध्ये तिचं नावच पडलं ‘सतरा नंबर’. ‘अरे, सतरा नंबर संपत आली, स्टोअरला सांग.’ नवीन शिकाऊ पोरालाही पहिल्या दिवशी हे शिकवलं जायचं: सतरा दिसला तर व्हेज, नाही दिसला तर हात लावू नको.

एप्रिलमध्ये पीताई गावी गेल्या. थाई नवीन वर्ष, सोंगक्रान. हाही शब्द ओळखीचा निघाला, संक्रांतच ती. आपण तिळगूळ देतो, ते एकमेकांवर पाणी उडवतात. अडीच आठवड्यांची सुट्टी. त्याच काळात नेहमीच्या सप्लायरकडे सतरा नंबर नव्हती. त्याने दुसऱ्या कंपनीची बाटली पाठवली. आकार तोच, तेलाचा रंग तोच, आणि दुर्दैवाने लेबलही पिवळं. स्टोअरवाल्याने बिलावर सही केली, पोराने ती जुन्या बाटलीच्या जागी ठेवली. आयात करणाऱ्याचा स्टिकर मागच्या बाजूला होता, त्यावर कोपऱ्यात मांसाहाराची तपकिरी खूणही होती, मुगाच्या डाळीएवढी. कुणीच बाटली फिरवून पाहिली नाही.

त्या शनिवारी नऊ नंबर टेबलावर सहा जणांचं मारवाडी कुटुंब होतं. नातीचा पहिला पगार झाला होता आणि ती सगळ्यांना जेवू घालत होती, त्यामुळे मेनूच्या उजव्या बाजूचे आकडे बघून तिचे वडील मध्येच खोकत होते. कांदा-लसूण चालत होता, पण अंडं चालत नव्हतं. मधोमध आजी. पदर डोक्यावर, मेनूला हात न लावलेला. नात एकेक पदार्थ समजावत होती, आजी ऐकून घेत होत्या आणि शेवटी त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, ‘बेटा, तू बोल. वेज है ना?’

‘दादीजी, हंड्रेड पर्सेंट.’

किचनच्या खिडकीवरून मी ट्रे स्वतः उचलला, कारण स्टुअर्ड कमी पडत होते. ट्रेमध्ये नऊ नंबरची तीन व्हेज टॉम यम आणि शेजारच्या अकरा नंबरचं सोम तम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर. चालता चालता मला वास आला. गोलम्याचा. मुंबईत ज्याला सुका जवळा म्हणतात त्याला आमच्याकडे गोलमो म्हणतात. मे महिन्यात अंगणभर पसरलेला असतो आणि त्याचा वास कपड्यांत, केसांत, पुस्तकांच्या पानांत भरतो. त्याची किसमूर झाल्याशिवाय आमच्या पेजेला चव येत नाही. म्हणजे या वासाच्या बाबतीत माझं नाक चुकेल हे शक्यच नाही. मी ट्रेकडे पाहिलं. सोम तमवर सुकी कोळंबी भुरभुरलेली होती. वासाचा उगम सापडला, मी पुढे निघालो.

सूप ठेवताना मी वाकलो, तेव्हा वास वाढला. हे मला नंतर आठवलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं सांगायचं तर तेव्हाच जाणवलं होतं. पण अकरा नंबरवाले बोट वर करून थांबले होते, सात नंबरला बिल हवं होतं, जिन्यावर वेटिंगचे पाहुणे उभे होते.

आजींनी ते सूप दोनदा घेतलं. ‘इसमें जान है,’ असं नातीला म्हणाल्या.

पीताई मंगळवारी परतल्या. सगळ्यांसाठी वाळवलेल्या आंब्याची पाकिटं, माझ्या आईसाठी वेगळं. पाकिटं वाटून झाल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे चिलर उघडला, वरचा खण पाहिला आणि बाटली उचलली. चष्मा लावला. ‘माय चाय जे,’ त्या म्हणाल्या. हे जे नाही. आवाज चढला नाही, हेच भीतीदायक होतं. झाकण फिरवून त्यांनी बाटली माझ्या नाकाशी धरली. मला वास घ्यायची गरज नव्हती.

मी सिस्टीममधून केओटी, म्हणजे किचनला गेलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या, काढून मोजल्या. दहा दिवसांत व्हेज टॉम यमची ४१ सुपं गेली होती.

मॅनेजर काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी बाटली कचऱ्यात टाकायला लावली, सप्लायरला फोनवर झापलं, आणि मला म्हणाले, ‘कुणाचं पोट बिघडलं? तक्रार आली? मग आता हे उकरून तू काय मिळवणार?’ या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. रिझर्वेशनच्या वहीत नऊ नंबरचा मोबाइल नंबर होता. तो मी उतरवून घेतला. रात्री सीएसएमटीला, कर्जत लोकल लागायची होती तेव्हा, फलाटावर उभं राहून लावला. दोन रिंग झाल्या आणि मी कापला. काय सांगणार होतो? ऐंशीच्या घरातल्या बाईला, की आयुष्यभर पाळलेलं तुमचं व्रत माझ्या हातून मोडलं? ते ओझं माझं होतं, त्यांच्या डोक्यावर का ठेवायचं? पण हेही खरं, की कुणी काय जाणून घ्यावं हे मी परस्पर ठरवत होतो. आणि न सांगण्यात सोय माझीच होती. गाडी आली, चढलो.

घरी आईला फोनवर सांगितलं. आमच्या घरी सोमवारी मासे होत नाहीत. सोमवारची कढई वेगळी, पळी वेगळी, ती बाकीच्या भांड्यांना लागू नये म्हणून खुंटीला टांगलेली. एकदा लहानपणी मी त्या पळीने बांगड्याचं तिखलं ढवळलं होतं, तेव्हा आई ओरडली नाही. पळी राखेने तीनदा घासून उन्हात ठेवली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘पळी येगळी नाय ठेवलंस?’ इतक्या मोठ्या हॉटेलात इतकी साधी गोष्ट नसावी, याचंच तिला नवल.

पळी वेगळी झाली. पीताईंनी व्हेजचा वॉक, पळी, चाळणी सगळ्यांना हिरवी टेप गुंडाळली. चिलरचा वरचा खण फक्त व्हेज, म्हणजे वरून खाली काही ठिबकलं तरी उलटं होणार नाही. कुठलीही नवीन बाटली आली की पुढचं-मागचं लेबल दोघांनी वाचायचं, एक किचनचा आणि एक फ्लोअरचा, आणि झाकणावर सही करायची. फ्लोअरच्या बहुतेक सह्या माझ्या असायच्या.

मी ‘हंड्रेड पर्सेंट’ म्हणायचं सोडलं. ‘दोन मिनिटं द्या, आत विचारून येतो,’ असं म्हणू लागलो. पाहुण्यांना ते अजिबात आवडलं नाही. टाऊनमधल्या भारी रेस्टॉरंटातल्या कॅप्टनला आपला मेनू माहीत नाही म्हणजे काय! एका साहेबांनी मॅनेजरना बोलावून विचारलं, ‘नया लडका है क्या?’ माझी तेव्हा चार वर्षं झाली होती.

जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसात, ते कुटुंब परत आलं. नातीने मुद्दाम माझं टेबल मागितलं. आजी जिना चढताना दोनदा थांबल्या. बसल्याबरोबर म्हणाल्या, ‘वही सूप.’ मी आत गेलो, बाटली फिरवून पाहिली, झाकणावरची माझीच सही पाहिली, पळी पाहिली आणि सूप स्वतः घेऊन आलो. ट्रेमध्ये दुसरं काही ठेवू दिलं नाही.

आजींनी दोन चमचे घेतले आणि थांबल्या.

‘पिछली बार जैसा नहीं है.’

‘मसाला बदला है, दादीजी.’

‘वो वाला अच्छा था.’ नातीला हसू आलं. ‘दादी अब एक्स्पर्ट हो गई,’ ती म्हणाली. मीही हसलो, कारण तिथे उभं राहून दुसरं काय करणार. आजींनी वाटी अर्धी ठेवली. निघताना माझ्या हातात शंभराची घडी केलेली नोट ठेवली, ती मी टिप बॉक्समध्ये टाकली. सांगितलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

आता ती नोकरी सोडून मला बरीच वर्षं झाली. पीताई गावी परतल्या, सोंगक्रानला त्यांचा मेसेज येतो. मी अधूनमधून पाहुणा म्हणून टाऊनमध्ये जेवायला जातो, आणि शेजारच्या टेबलावर ‘व्हेज है ना’ ऐकलं की माझा हात चमच्यावरच थांबतो. म्हणून तुम्हाला सांगतो. थाई जेवायला गेलात आणि तुम्ही खरंच पाळणारे असाल, तर तो प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो’ असंच येतं. फिश सॉस घालता का, ऑयस्टर सॉस घालता का, करीच्या वाटणात कोळंबी आहे का, सूपमधली मिरचीची पेस्ट कुठल्या बाटलीतली, पळी वेगळी आहे का, असं एकेक करून विचारा. कॅप्टन जागचा न हलता ‘हंड्रेड पर्सेंट’ म्हणाला, तर त्याला आत पाठवा. तो परत येईपर्यंत पाणी प्या.